वाचक विचारतात : रोमानी घराण्यांतील पिढीजात नावे

युरोपातील रोमा, म्हणजे पूर्वी जिप्सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, समाजाविषयीचा लेख गेल्या अंकात प्रसिद्ध झाला. त्यात एकाच माणसाला दोन नावे असण्याच्या प्रथेचा ओझरता उल्लेख होता आणि नेमक्या त्याच विषयावर वाचकांची सर्वाधिक पत्रे आली. त्यांपैकी काही प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या पतीचे पणजोबा इंग्लंडमधील रोमानिचल, म्हणजे तिथल्या रोमानी समाजातले होते. घरातील वयोवृद्ध आत्यांनी जुन्या पिढीची नावे तोंडी सांगितली : सिन्फी, ब्रिटानिया, ट्रिफीना, एलायजा, वेस्टर. जन्माच्या नोंदींत यांतली निम्मी नावे सापडत नाहीत आणि सिन्फीच्या जागी सिंथिया असे लिहिलेले दिसते. वंशावळीत कोणते नाव लिहावे?
— एक वाचिका, लेस्टर

उत्तर : दोन्ही लिहावीत, पण आधी आत्यांनी सांगितलेले लिहावे. ज्या नावाने त्या बाईला तिच्या आईने, भावंडांनी आणि नातवंडांनी हाक मारली ते सिन्फी हे नाव आहे. सिंथिया हे बहुधा नोंद करणाऱ्या कारकुनाला परिचित असलेले, कानाला त्यातल्या त्यात जवळचे वाटलेले नाव असावे. सांगणाऱ्याला लिहिता-वाचता येत नसे, लिहिणाऱ्याने ते नाव पूर्वी कधी ऐकलेले नसे, आणि या दोघांच्या मध्ये नावाचे जे व्हायचे ते होई. ट्रिफीनाचे ट्रफेनी होई, लेमेन्टिनाचे क्लेमेन्टिना होई, आणि एकाच बाईचे नाव तीन मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडे.

आपण दिलेली नावे रोमानिचल घराण्यांच्या परंपरेत अगदी चपखल बसतात. या घराण्यांत तीन-चार प्रकारची नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. बायबलमधली, पण सर्वसाधारण इंग्रज घरांत क्वचितच आढळणारी नावे हा त्यांतला सर्वांत मोठा भाग : केझाया ही ईयोबाची मुलगी, वॅश्टी ही पतीने दूर केलेली राणी, ट्रिफीना ही पौलाच्या पत्रात जिला नमस्कार सांगितला आहे ती स्त्री, आणि पुरुषांत हेझेकाया, एझेकिएल, नोआ. दुसरी नावे ब्रिटानिया, नेल्सन, लिबर्टी, फ्रीडम, ओशन अशी, जी ऐकताच भारदस्त वाटावीत. तिसरी सिन्फी, मिझेली, मॅन्फ्री यांसारखी, जी रोमानिचल मंडळींच्या बाहेर जवळजवळ आढळतच नाहीत आणि म्हणून वंशावळ शोधणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. केझाया किंवा हेझेकाया ही नावे अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या झालेल्या धर्मनिष्ठ इंग्रज कुटुंबांतही ठेवली जात, त्यामुळे असे एखादे नाव हाती लागले म्हणून ते घर रोमानी ठरत नाही.

शोध घेताना एकेकटे नाव घेऊन बसू नये, भावंडांचा सगळा संच एकत्र शोधावा. याचे कारण असे की, नातवाला आजोबांचे आणि नातीला आजीचे किंवा आत्याचे नाव देण्याची रीत या घराण्यांत पक्की होती, लग्ने बहुधा नात्यागोत्यातच होत, आणि त्यामुळे एकाच आडनावाचे, जवळजवळ एकाच वयाचे तीन चुलत भाऊ तिघेही एलायजा असू शकत. मात्र एलायजा, वेस्टर, ब्रिटानिया आणि सिन्फी ही चारही नावे एकाच आईबापांच्या मुलांत दिसली, तर घर सापडले असे समजण्यास हरकत नाही.

नोंदी एका गावात मिळणार नाहीत हेही आधीच गृहीत धरावे. कुटुंब सप्टेंबरात बीअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या फुलांच्या तोडणीसाठी केंट किंवा हेरफर्डशरमध्ये असे, जूनमध्ये ॲपलबीच्या घोडेबाजारात असे, आणि मूल ज्या गावाजवळ जन्मले त्याच्या आसपासच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा होई. तेव्हा एकाच जोडप्याच्या सहा मुलांच्या नोंदी चार परगण्यांत विखुरलेल्या असणे स्वाभाविक आहे. सरकारी जन्मनोंदणी इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली, पण ती न करणाऱ्याला दंड होऊ लागला १८७५ पासून. त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या नोंदवह्याच अधिक भरवशाच्या आहेत. त्यांत बापाच्या व्यवसायाचा रकाना मन लावून वाचावा. कल्हईवाला, टोपल्या विणणारा, खुर्च्यांना वेताची बैठक घालणारा, चाकूसुऱ्यांना धार लावणारा, फेरीवाला, सारंगीवाला असे काही लिहिलेले असेल, किंवा राहण्याच्या जागेपुढे नुसते 'प्रवासी' असेल, तर ती नोंद बाजूला काढून ठेवावी. जुन्या नोंदींत 'इजिप्शियन' असाही शब्द आढळतो, कारण हे लोक इजिप्तमधून आले अशी युरोपात समजूत होती. वेल्समधील प्रसिद्ध वुड घराण्याचा मूळ पुरुष अब्राम वुड १७९९ मध्ये वारला आणि लानगेलिनिन गावी त्याचे दफन झाले, तेव्हा तिथल्या नोंदवहीत त्याची ओळख फिरस्ता इजिप्शियन अशीच करून दिली गेली. त्याच्या मुलांची नावे व्हॅलेंटाइन, विल्यम, सॉलोमन आणि डॅमरिस. विल्यमची मुलगी सारा, आणि साराचा मुलगा जॉन रॉबर्ट्स हा वेल्सचा नामांकित हार्पवादक. हे घराणे इतके नीट उलगडता येते, कारण लिव्हरपूल विद्यापीठाचे ग्रंथपाल जॉन सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वुड मंडळींच्या तोंडून त्यांच्या पिढ्या वेळेवर लिहून घेतल्या. ते कागद, तसेच १८८८ मध्ये स्थापन झालेल्या जिप्सी लोर सोसायटीने गोळा केलेल्या इतर वंशावळी, आजही लिव्हरपूल विद्यापीठात पाहता येतात. याखेरीज रोमानी आणि फिरस्त्या कुटुंबांच्या इतिहासासाठी इंग्लंडमध्ये १९९१ पासून रोमनी अँड ट्रॅव्हलर फॅमिली हिस्टरी सोसायटी ही स्वतंत्र संस्था काम करते. तिच्या सभासदांत अशाच घराण्यांतील वंशज मोठ्या संख्येने आहेत, तेव्हा तिथे अवश्य लिहावे.

आत्या आहेत तोवर मात्र हे सगळे थांबले तरी चालेल. त्यांच्याजवळ बसून नावे त्यांच्याच उच्चारात ध्वनिमुद्रित करून घ्यावीत, आणि कोण कोणाच्या नावावरून, हे प्रत्येक नावापुढे विचारावे. ही माहिती कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

प्रश्न : रोमा लोक भारतातून गेले हे भाषेवरून सिद्ध झाले आहे. मग त्यांच्या नावांत संस्कृत किंवा प्राकृत वळणाची जुनी नावे टिकली आहेत का?
— भाषाशास्त्राचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाहीत. हे उत्तर अनेकांना निराश करणारे आहे याची मला कल्पना आहे. रोमानी भाषेचा गाभा भारतीय राहिला, इतका की नावाला त्या भाषेत 'नाव'च म्हणतात आणि काळ्याला 'कालो', आणि 'रोम' या शब्दाचा संबंध अभ्यासक 'डोंब' या शब्दाशी जोडतात. व्यक्तिनामे मात्र सुमारे हजार वर्षांच्या वाटचालीत प्रत्येक मुक्कामी बदलत गेली. भाषा घरात बोलायची असते आणि नाव मात्र पाद्र्याला, मालकाला, जकातनाक्यावरच्या शिपायाला सांगावे लागते, हे त्याचे साधे कारण आहे.

मालकाला, हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. आजच्या रोमानियातील वालाकिया आणि मोल्डाविया या संस्थानांत रोमा लोक शतकानुशतके गुलाम होते. वालाकियातील त्यांचा सर्वांत जुना उल्लेख १३८५ चा आहे, आणि तो तिस्मानाच्या मठाला दान दिलेल्या ४० कुटुंबांचा आहे. पुढच्या काळात मठांनी आणि सरदारांनी आपल्या गुलामांच्या ज्या याद्या ठेवल्या, त्यांत नावे आहेत ती ऑर्थोडॉक्स संतांची किंवा मालकाला सोयीची. ही गुलामगिरी मोल्डावियात १८५५ मध्ये आणि वालाकियात १८५६ मध्ये कायद्याने संपली, परंतु तोवर पिढ्यांमागून पिढ्यांची नावे या याद्यांतूनच कागदावर आली होती. ऑटोमन राज्यात ज्यांनी इस्लाम स्वीकारला त्यांच्यात एस्मा, शाबान, इब्राहिम ही नावे रुजली, आणि नंतर तीही सुखाने वापरू दिली गेली नाहीत. बल्गेरियाच्या कम्युनिस्ट राजवटीने तुर्की आणि अरबी वळणाची नावे सक्तीने बदलून स्लाव्ह नावे दिली, आणि या सक्तीत मुस्लिम रोमाही सापडले. तिथला जगप्रसिद्ध क्लॅरिनेटवादक इव्हो पापाझोव्ह याचे जन्मनाव इब्रियाम हापाझोव्ह असे आहे.

बाल्कन देशांत कधी कधी भेटणारे इंदिरा हे नाव मात्र वारशाने आलेले नाही. ते गेल्या शतकातले, युगोस्लाव्हिया आणि भारत यांच्या राजकीय मैत्रीच्या काळातले आहे, आणि ते बिगर-रोमा घरांतही ठेवले गेले.

प्रश्न : जन्मल्याबरोबर रोमानी आई बाळाच्या कानात एक गुप्त नाव सांगते आणि ते पुढे कोणालाही, खुद्द त्या मुलालाही, कळत नाही असे वाचले. आपल्याकडच्या रास-नावासारखेच हे आहे का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : ही कथा लोकप्रिय पुस्तकांतून फार पसरली. तिचा मोह मी समजू शकतो, परंतु जे नाव कोणालाच कळत नाही त्याविषयी कोणीही खात्रीने लिहू शकत नाही. खात्रीने सांगता येते ते वेगळे आहे, आणि माझ्या मते अधिक मोलाचे आहे. रोमानी समाजांत एक नाव गाजांसाठी, म्हणजे रोमा नसलेल्यांसाठी, असते आणि दुसरे आपल्या माणसांसाठी असते. हे दुसरे नाव मुळीच गुप्त नसते. सगळी वस्ती त्याच नावाने हाक मारते, सगळे नातेवाईक तेवढेच नाव ओळखतात, आणि पहिले नाव पुष्कळदा खुद्द शेजाऱ्यालाही माहीत नसते. आपल्या रास-नावाशी तुलना करायची तर ती उलटी करावी लागेल, कारण आपल्याकडे पत्रिकेतले नाव झाकलेले असते आणि व्यवहारातले उघड, तर इथे व्यवहारातले नाव हेच आडपडद्यासारखे वापरलेले असते.

उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट १९१० मध्ये बेल्जियममधील लिबर्शी येथे जन्मला, आणि कागदोपत्री त्याचे नाव जाँ. त्याचा मुलगा बाबिक हा कागदोपत्री जाँ-जाक. पोलंडची रोमानी कवयित्री पापुशा हिचे सरकारी नाव ब्रोनिस्लावा वाइस. ऑस्ट्रियातील चाया स्टोइका ही लेखिका आणि चित्रकार लोवारी या रोमा गटातली. तिचे सरकारी नाव मार्गारेट, तिचा भाऊ मोंगो हा सरकारदरबारी योहान. नाझींच्या आउश्विट्झ छावणीत लहानग्या चायाच्या हातावर झेड ६३९९ हा क्रमांक गोंदला गेला, म्हणजे दोन नावांखेरीज तिसरी ओळखही तिच्यावर लादली गेली. उतारवयात तिने लिहिले आणि रंगवले ते चाया याच नावाने.

या दुसऱ्या नावाचे मोल किती, ते एका मुलीच्या हकिकतीवरून कळेल. १९ मे १९४४ रोजी नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क छावणीतून आउश्विट्झला निघालेल्या आगगाडीचे चित्रण रुडॉल्फ ब्रेस्लाउअर या ज्यू कैद्याकडून करवून घेण्यात आले. त्यात मालडब्याच्या अर्धवट उघड्या दारातून डोक्याला फडके गुंडाळलेली एक मुलगी काही क्षण बाहेर बघताना दिसते. युद्धानंतर जगभर तो चेहरा ज्यूंच्या संहाराचे प्रतीक म्हणून छापला गेला आणि सुमारे पन्नास वर्षे तिला नाव नव्हते. आद वागेनार या डच पत्रकाराने चिकाटीने डब्यांचा माग काढला. त्या गाडीतून २४५ रोमा आणि सिंटी (जर्मनी व आसपासच्या देशांतील रोमानी गट) नेले गेले होते, आणि त्याच डब्यातून गेलेल्या व वाचलेल्या क्रासा वॅग्नर यांचा त्याला १९९४ मध्ये शोध लागला. त्यांना आठवत होती ती दाराशी उभी राहिलेल्या मुलीला आईने मारलेली हाक : सेटेला! दारापासून दूर हो, असे आई तिला सांगत होती. त्या हाकेवरून कागदावरची ॲना मारिया स्टाइनबाख सापडली. ती सिंटी होती, डिसेंबर १९३४ मध्ये लिम्बुर्ख प्रांतातील बुख्टन येथे जन्मलेली, म्हणजे त्या दिवशी नऊ वर्षांची. त्याच वर्षी उन्हाळ्यात आउश्विट्झच्याच बिर्केनाऊ छावणीत तिची हत्या झाली. जिने तिला ओळखले त्या बाईला तिचे कागदावरचे नाव उपयोगाचे नव्हते, आठवणीत राहिले होते ते घरचे.

प्रश्न : रोमा लोक आपसात आडनाव वापरत नसतील तर घराणे कसे ओळखतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कालदेराश हा रोमा गट आणि त्याच्या जवळचे गट यांच्यात माणसाची ओळख बापाच्या नावाने षष्ठी लावून करून देतात. यांकोचा मिलोश हा त्यांच्या भाषेत 'ओ मिलोश ले यांकोस्को' होतो. त्याच्याही वर कुळ असते. त्याला 'वित्सा' म्हणतात, आणि त्याचे नाव बहुधा एखाद्या पूर्वजाच्या नावाला 'एश्ती' हा रोमानियन प्रत्यय लावून झालेले असते. गुलामगिरी संपल्यानंतर यांतील पुष्कळ कुटुंबे रशिया, पश्चिम युरोप आणि अमेरिकेपर्यंत गेली. त्यांची सरकारी आडनावे देशागणिक बदलली, परंतु वित्सा तीच राहिली. स्पेनमधील खितानो, म्हणजे तिथल्या रोमानी, मंडळींची गोष्ट अगदी निराळी आहे. एरेदिया, आमाया, मोन्तोया ही त्यांची आडनावे घट्ट टिकून आहेत, आणि आजोबांचे नाव नातवाला देण्याची प्रथाही तिथे भक्कम आहे.

प्रश्न : माझ्या कार्यालयात एक ज्येष्ठ सिंटी सहकारी आहेत. संगीतात नाव कमावलेल्या त्यांच्या दिवंगत वडिलांना घरी काय म्हणत, असे मी सहज विचारले. ते गप्प झाले आणि त्यांनी विषय बदलला. माझ्याकडून काही आगळीक झाली का?
— एक वाचक, फ्रँकफर्ट

उत्तर : आपला हेतू निर्मळ होता हे पत्रावरून स्पष्ट दिसते, आणि आपल्या सहकाऱ्यांनाही ते जाणवले असेल. तरीही त्यांच्या गप्प बसण्यामागे दोन गोष्टी असू शकतात, आणि त्या दोन्ही आपण जाणून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली रीत म्हणून आलेली आहे. सिंटी आणि त्यांच्याशी जवळचे असलेले फ्रान्समधील मानुश यांच्या घरांत मृत माणसाचे नाव त्याच्या जवळच्यांनी उच्चारायचे नाही, असा दंडक पुष्कळ ठिकाणी पाळला जातो. त्याच्या वस्तू पूर्वी जाळून टाकत, त्याच्याविषयीच्या गोष्टी सांगणे थांबवत, आणि त्याचे नाव घेऊन त्याची शांतता मोडू नये असे मानत. इंग्लंडमधील जुन्या रोमानी घराण्यांतही ही चाल होती. मृताचे नाव ज्याला दिलेले असे, त्याला काही काळ किंवा कायमचे दुसऱ्या नावाने हाक मारीत. म्हणजे नावे पिढीजात चालवणारा समाज आणि नावे मिटवणारा समाज हे दोन निरनिराळे समाज नाहीत, एकाच घरात आदराच्या या दोन्ही तऱ्हा नांदू शकतात.

दुसरी गोष्ट इतिहासातली आहे आणि ती फार कठोर आहे. जर्मनीत रोमा व सिंटींच्या नावांच्या याद्या सर्वांत आधी पोलिसांनी केल्या. म्युनिकमध्ये १८९९ मध्ये त्यासाठी खास कचेरी उघडली गेली आणि १९०५ मध्ये तीन हजारांहून अधिक माणसांच्या नावांचे पुस्तक छापून पोलीस ठाण्यांना वाटले गेले. नाझी राजवटीत, १९३६ नंतर, डॉक्टर रॉबर्ट रिटर याची वंशशास्त्र संशोधन संस्था कुटुंबाकुटुंबांत जाऊन पिढ्या विचारू लागली. त्याची साहाय्यक एव्हा युस्टिन हिला रोमानी बोलता येत असे. ती मुलांशी गोड बोलून, बायकांजवळ बसून, कोणाचे आजोबा कोण आणि कोण कोणाचे चुलत हे लिहून घेई. १९४४ पर्यंत या संस्थेने सुमारे २४,००० माणसांच्या वंशाविषयी अभिप्राय तयार केले, आणि त्या अभिप्रायांच्या आधारे माणसे छावण्यांत गेली. युद्ध संपल्यावरही त्या वंशावळी नष्ट झाल्या नाहीत वा वारसांना परत मिळाल्या नाहीत. त्या संशोधकांच्या हातांतून फिरत राहिल्या. सप्टेंबर १९८१ मध्ये सिंटी कार्यकर्त्यांनी ट्युबिंगन विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठाण मांडले, तेव्हा कुठे ते कागद राष्ट्रीय अभिलेखागारात गेले.

अशा घरात वाढलेल्या माणसाला, घरी काय म्हणत, हा प्रश्न सहज वाटणे कठीण आहे. आपण क्षमा मागायला मुद्दाम जाऊ नये, त्याने त्यांना अधिक अवघडल्यासारखे होईल. त्यांच्या वडिलांच्या संगीताविषयी बोलावे, नाव त्यांच्यावर सोडावे. या विषयाची ओळख करून घ्यायची असेल, तर हायडेलबर्गला १९९७ पासून जर्मन सिंटी आणि रोमा यांचे स्वतःचे दस्तऐवज केंद्र आणि कायमचे प्रदर्शन आहे, आणि फ्रँकफर्टहून तिथे एका दिवसात जाऊन येता येते.

प्रश्न : मुलीसाठी वेगळे नाव शोधताना इंटरनेटवर 'रोमानी नावे व त्यांचे अर्थ' अशा याद्या दिसल्या. त्यांतले एखादे ठेवावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : त्या याद्यांवर विसंबून ठेवू नये. त्यांतील पुष्कळशी नावे म्हणजे शब्दकोशातून उचललेली नामे आहेत. फूल म्हणजे लुलुदी, पक्षी म्हणजे चिरिकली, असे शब्द भाषेत आहेत हे खरे. घरात लाडाने तशी हाकही मारली जाते, परंतु वर आलेल्या सिन्फी, बाबिक, सेटेला या नावांना यादीत लावता येईल असा अर्थ शोधत बसण्याचे कारण नाही, कारण ही नावे त्या त्या माणसांची म्हणून पुढे गेली. लुलुदी हा शब्द आपल्याला गोड वाटला आणि मुलीला तो आवडेल असे वाटले, तर जरूर ठेवावा. तो मुळात ग्रीकमधून रोमानीत आला आहे, एवढे शाळेत कोणी विचारलेच तर सांगता यावे.